कात्रज ते सिंहगड रात्रीतून: आधी वाट दिवसा पाहा, मग घड्याळ लावा

प्रश्न: सप्रेम नमस्कार. आम्ही कार्यालयातील सात सहकारी, चार पुरुष आणि तीन स्त्रिया, येत्या मार्गशीर्ष पौर्णिमेच्या रात्री कात्रज ते सिंहगड हा ट्रेक करणार आहोत. संध्याकाळी सातला निघून सहा तासांत गडावर पोहोचायचे, असे आव्हान आम्ही आपापसांत ठरवले आहे. मी रोज सकाळी तळजाईवर तासभर चालते, दोघे जण नियमित धावतात, एका सहकाऱ्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे. आमच्यापैकी कोणीही ही वाट केलेली नाही. मात्र एकाने मोबाइलवर कोणाचा तरी ट्रॅक उतरवून घेतला आहे आणि तेवढे पुरेसे आहे असे त्याचे म्हणणे आहे. हाताशी सहा आठवडे आहेत. तयारी कशी करावी, रात्री वाट चुकलो तर काय करावे, आणि काळजी करणाऱ्या सासूबाईंना काय सांगावे? (एक वाचक, हडपसर)

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुमच्या बेतातली एक गोष्ट सर्वांत आधी बोलायला हवी, कारण ती बदलली तर बाकीचे बरेच सोपे होईल. सात जणांपैकी एकानेही ही वाट पाहिलेली नाही, आणि ती पहिल्यांदा पाहायची ती रात्री, घड्याळाशी स्पर्धा करत, असे तुम्ही ठरवले आहे. या दोन गोष्टी एकत्र करू नका. सहा आठवड्यांतला एक रविवार हीच वाट दिवसाउजेडी चालण्यासाठी राखून ठेवा. सातही जणांना जमले नाही, तरी जो पुढे चालणार आहे आणि जो पिछाडी सांभाळणार आहे त्या दोघांनी तरी ती आधी चालून यावी. तेही होणार नसेल तर ही वाट रात्री अनेकदा केलेला जाणता माणूस बरोबर घ्या, आणि असा माणूस मिळाला नाही तर बेत पुढच्या पौर्णिमेवर ढकला. महिन्याभराच्या उशिराने कोणाचेही काही बिघडत नाही.

आता वेळेचे गणित. जुन्या कात्रज बोगद्यापाशी, वाघजाईच्या देवळाकडून डोंगरावर चढायचे आणि भुलेश्वर रांगेच्या धारेवरून चालत सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागायचे, अशी ही वाट आहे. सरळ रेषेत अंतर अकरा-बारा किलोमीटर असले तरी पायांना ते पंधरा-सोळा पडते. टेकड्या तेरा असे सांगण्याची रीत आहे, पण लहान टेपाडे धरावीत की सोडावीत यावर तो आकडा बदलतो, म्हणून मोजत बसू नये. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ढोबळ नियम सांगितला होता, तो आजही उपयोगी पडतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. सोळा किलोमीटर आणि सगळ्या चढांची बेरीज समजा हजार मीटर धरली, तर पाच तासांच्या आसपास वेळ निघतो. हा हिशेब सराईत चालणाऱ्याचा, दिवसाचा आणि विश्रांतीशिवायचा आहे. त्यात अंधार, घसाऱ्याचे उतार, पाण्यासाठी थांबणे आणि सात जणांची एकमेकांसाठीची थांबाथांब मिळवा, म्हणजे आठ तास हा प्रामाणिक अंदाज ठरेल. सहा तासांचे लक्ष्य ठेवलेत तर चौथ्या तासापासून तुम्ही उतारावर घाई करू लागाल, आणि या वाटेवर पाय मुरगळतात ते नेमके उतारावरच.

शिवाय रात्री एकला गडाजवळ पोहोचून करायचे काय, हाही प्रश्न आहेच. गडाच्या रस्त्यावर वनविभागाचा नाका आहे आणि प्रवेशाला वेळेचे बंधन असते, त्याची चौकशी आठवडाभर आधी करून ठेवावी. माझ्या मते तुम्ही रात्री नऊच्या सुमारास निघावे. डिसेंबरात पुण्याला सूर्योदय सातच्या थोडा आधी होतो. नऊला निघालात तर शेवटचा उतार, जेव्हा गुडघे थकलेले आणि लक्ष ढिले झालेले असते, तो झुंजूमुंजू होण्याच्या सुमारास वाट्याला येईल.

वाट चुकण्याविषयी तुम्ही एकाच वाक्यात विचारले आहे, पण खरा जीव त्या प्रश्नात आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. धारेवरची वाट चढताना सहसा चुकत नाही, उतरताना चुकते. डोंगरमाथा म्हणजे पालथा ठेवलेला हाताचा पंजा समजा. बोटांवरून पंजाकडे जाताना कुठूनही निघालात तरी माथ्यावरच पोहोचता, पण पंजावरून खाली उतरताना पाच बोटे पाच दिशांना जातात. टेकडीच्या माथ्यावरून अशाच सोंडा फुटलेल्या असतात. त्यांतली एकच पुढच्या खिंडीत उतरते, बाकीच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला दरीत नेतात. चुकीच्या सोंडेवरही ढोरवाटा असतात, त्या चांगल्या मळलेल्या असतात, आणि उतार सोपा असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. शंका येते ती अर्ध्या तासाने, जेव्हा समोर चढ यायला हवा होता तिथे झाडी येते.

यावर उपाय साधा आहे, मात्र तो प्रत्येक टेकडीवर न कंटाळता करावा लागतो. माथ्यावर पोहोचलात की उतरायला लागण्यापूर्वी सर्वांनी थांबायचे, दिवे विझवायचे आणि डोळे सरावू द्यायचे. मग तीन खुणा पाहायच्या. पुण्याचे दिवे उजव्या हाताला आणि हळूहळू मागे पडत जाणारे दिसले पाहिजेत. सातारा रस्त्याचे आणि खेड शिवापूरकडच्या खोऱ्यातले दिवे डाव्या हाताला. आणि समोर सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा. आभाळ मोकळे असेल तर चौथी खूण ध्रुवाची. आपल्या अक्षांशावर ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो. हात लांब करून वीत धरली तर ती साधारण तेवढी भरते. तुमचा रोख पश्चिमेकडे, किंचित नैर्ऋत्येला झुकलेला आहे, म्हणून ध्रुव उजव्या खांद्याच्या थोडा मागे राहिला पाहिजे. वाट मध्येमध्ये वळते, तेव्हा या खुणा चालताना हलतीलच. पण चार-पाचशे पावले चालूनही पुण्याचे दिवे थेट समोर राहत असतील, तर तुम्ही उत्तरेच्या सोंडेवर उतरत आहात असे समजून तिथेच थांबा.

मोबाइलवरचा ट्रॅक टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. उपग्रहाकडून स्थान कळायला मोबाइलची रेंज लागत नाही, आणि उघड्या धारेवर ते स्थान पाच-दहा मीटरच्या फरकाने बरोबर असते. परंतु नकाशा घरीच उतरवून घेतलेला असावा लागतो, नाहीतर पडद्यावर कोऱ्या जागेत एक निळा ठिपका तेवढा दिसत राहतो. ट्रॅक दुसऱ्या माणसाचा आहे हेही विसरू नका. तो जिथे चुकला असेल तिथे त्याची रेषाही चुकलेली असते, आणि ती चूक तुम्हाला रेषेवरून कळत नाही. म्हणून निदान दोघांच्या मोबाइलवर वेगवेगळ्या माणसांचे ट्रॅक ठेवा, दिवसा चालाल तेव्हा स्वतःचा ट्रॅक नोंदवा आणि रात्री तोच प्रमाण माना. मोबाइल विमान-मोडवर ठेवावा, पॉवरबँक आणि तिची केबल एकाच पिशवीत असावी. याशिवाय साधे होकायंत्र आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशाची छापील प्रत जवळ बाळगा. पुणे परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक नगण्य असल्यामुळे आकडेमोड करावी लागत नाही, सुई दाखवते ती उत्तर. दगडांवर रंगवलेले बाण कुठे दिसले तर त्यांना दुजोरा म्हणून घ्या, एकमेव आधार म्हणून नको.

दिवसाच्या फेरीत काय टिपायचे तेही सांगतो. प्रत्येक माथ्यावर उभे राहून पुढची सोंड कोणती ते पाहायचे, तिचा होकायंत्रावरचा अंश छोट्या वहीत लिहायचा आणि मग मागे वळून आलेली वाट कशी दिसते तेही पाहायचे, कारण परतावे लागले तर तीच बाजू समोर येणार असते. प्रत्येक खिंडीतून डाव्या-उजव्या हाताला खालच्या वस्तीकडे उतरणारी पायवाट आहे का, ती गावकऱ्यांच्या वापरातली आहे का, हे विचारून ठेवावे. अशा दोन-तीन सुटकेच्या वाटा माहीत असल्या की मध्यावर कोणाचा गुडघा दुखावला तरी पुढचे आठ किलोमीटर त्याला ओढत नेण्याची वेळ येत नाही.

एवढे करूनही चुकलात, तर पहिले पाऊल म्हणजे थांबणे, आणि दुसरे म्हणजे जिथे शेवटची खात्री होती त्या जागी परत चढून जाणे. चढ नकोसा वाटेल, आणि कोणीतरी हमखास म्हणेल की खाली दिवे दिसतात, या ओढ्याने सरळ उतरू. त्याचे ऐकू नका. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या थरांमुळे इथल्या उतारांना पायऱ्यांची घडण आली आहे. थोडे अंतर सौम्य उतार, मग एकदम उभा कडा, पुन्हा उतार, असे ते चालते. ओढ्याच्या पात्रात हा कडा म्हणजे पावसाळ्यातला धबधबा असतो, आणि डिसेंबरात तो कोरडा असल्यामुळे अंधारात त्याचा आवाजही येत नाही. जुनी माणसे ज्याला चकवा लागला म्हणतात, त्या अवस्थेत माणसे थकत जातात, भांडू लागतात आणि मग धोकादायक उतारावर पाय टाकतात. परत खात्रीची जागा सापडत नसेल तर वारा न लागणाऱ्या बाजूला एकत्र बसून उजाडण्याची वाट पाहणे, हा कमीपणाचा नव्हे तर शहाणपणाचा निर्णय आहे. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात असावी; मिनिटाला सहा शिट्ट्या आणि मग एक मिनिट शांतता, हा मदतीचा सर्वमान्य संकेत आहे. दुखापत असेल तर ११२ वर फोन करा, आणि महाराष्ट्रातील गिर्यारोहकांच्या बचाव समन्वय केंद्राचा क्रमांक निघण्याआधीच सातही जणांनी साठवून ठेवा.

चांदण्याविषयी एक सावधगिरी. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो आणि तुम्ही पश्चिमेकडे चालणार, तेव्हा पहिल्या टप्प्यात तो पाठीशी असेल आणि तुमचीच सावली पाय टाकायच्या जागेवर पडेल. मार्गशीर्षातला चंद्र मध्यरात्री आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो. त्या उजेडात सगळे लख्ख दिसल्यासारखे वाटते, पण सावल्या नसल्यामुळे खळगा आणि सपाटी यांतला फरक कळत नाही. म्हणून चांदणे कितीही सुंदर असले तरी उतारावर हेडटॉर्च लावायचाच. कपाळावरचा उजेड डोळ्यांच्या रेषेत पडत असल्यामुळे दगडांच्या सावल्या दिसत नाहीत. हातातली दुसरी विजेरी कमरेच्या उंचीवर धरली की प्रत्येक खडा वेगळा उठून दिसतो. प्रत्येकाकडे स्वतःचा दिवा आणि जादा सेल हवेत. दोघांत एक दिवा हा हिशेब या वाटेवर चालत नाही.

शरीराच्या तयारीसाठी सहा आठवडे पुरेसे आहेत, कारण तुमचा पाया चांगला आहे. तळजाईच्या सपाटीवरचे चालणे दमासाठी उत्तम, परंतु मांड्यांना उताराची सवय त्याने होत नाही. पहिले तीन आठवडे दर रविवारी आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड चढून उतरा, त्यानंतर एका सकाळी सलग दोनदा चढउतार करा, पाचव्या रविवारी कात्रजची दिवसाची फेरी करा आणि शेवटचा आठवडा हलक्या चालण्याचा व झोपेचा ठेवा. हे सर्व त्याच बुटांनी आणि रात्री पाठीवर असेल तेवढ्याच वजनाने करावे. जे दोघे धावतात त्यांना मुद्दाम सांगा की सपाट रस्त्यावरचा वेग इथे कामाला येत नाही, आणि पुढे निघून जाणे तर मुळीच नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या सहकाऱ्याने आपल्या डॉक्टरांना हा बेत सविस्तर सांगूनच यावे. काही गोळ्यांनी लघवीचे प्रमाण वाढते, आणि रात्रभराच्या घामात त्याचा त्रास होऊ शकतो. गोळीची वेळ डॉक्टरच ठरवतील, सहकाऱ्यांनी नव्हे.

वाटेवर पिण्याच्या पाण्याची खात्री नाही, तेव्हा माणशी चार लिटर घरूनच न्यावे. त्यातल्या एका लिटरमध्ये ओआरएसचे पाकीट घालावे, कारण घामावाटे मीठही जाते आणि नुसते साधे पाणी पोटभर पीत राहणे हेही धोक्याचे ठरू शकते. खाणे दर तासाला थोडे थोडे असावे: राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे-गूळ, खजूर, दशमी, उकडलेले बटाटे मीठ लावून. मध्यरात्रीनंतर भूक लागत नाही म्हणून खाणे टाळू नका. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीर सर्वांत गार आणि मन सर्वांत सुस्त असते, पाय अडखळतात ते तेव्हाच. डिसेंबरात धारेवरचा वारा चांगलाच बोचरा असतो आणि घामाने भिजलेला सदरा थांबल्याक्षणी गारठवतो. पिशवीत एक कोरडा बनियन, वाऱ्याचे जाकीट आणि कानटोपी असू द्या. पँट लांब आणि मोजे उंच हवेत, कारण या दिवसांत गवत वाळलेले असते आणि त्याची कुसळे मोज्यांत घुसून घोट्याला अशी टोचत राहतात की माणसाचे निम्मे लक्ष तिथेच अडकते. त्याच वाळलेल्या गवतामुळे शेकोटी आणि विडी-सिगारेट यांना सक्त मनाई करा. धारेवरचा वणवा माणसापेक्षा वेगाने चढतो.

सापांची भीती बाळगू नका, पण भान ठेवा. घोणस आणि मण्यार रात्रीच हिंडतात, फुरसे दगडांच्या आडोशाला असते. पाय टाकण्याआधी उजेड टाकावा, दगडावर बसण्याआधी काठीने चाचपावे. दंश झालाच तर आवळून बांधणे, चिरणे, चोखणे यांतले काहीही करू नये. अवयव स्थिर ठेवावा, माणसाला शक्य तितके न चालवता खाली न्यावे आणि सर्पदंशावरची लस असलेल्या रुग्णालयात, पुण्यात ससूनसारख्या ठिकाणी, लवकरात लवकर पोहोचवावे. त्या लशीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर उतारा असतो, तेव्हा साप शोधण्यात किंवा मारण्यात वेळ दवडण्याची गरज नाही.

सात जणांनी शेवटपर्यंत सातच राहायचे, हा नियम निघण्याआधी सर्वांकडून वदवून घ्या. वाट माहीत असलेला पुढे, दुसरा जाणता सर्वांत मागे, आणि जो सर्वांत सावकाश चालतो तो पुढच्याच्या लगेच मागे, म्हणजे वेग आपोआप त्याचा राहतो. प्रत्येक माथ्यावर आणि खिंडीत एक ते सात आकडे मोठ्याने म्हणून मोजणी करायची. आडोशाला जाणाऱ्याने पिशवी वाटेवर ठेवून जायचे, म्हणजे त्याला सोडून कोणी पुढे जात नाही. परतीची वेळही आधीच ठरवा: पहाटे दोनपर्यंत निम्मे अंतर झालेले नसेल, किंवा कोणीही एकजण मला जमत नाही असे म्हणाला, तर चर्चा न करता जवळच्या सुटकेच्या वाटेने सर्वांनी एकत्र उतरायचे. ही वेळ घरी बसून ठरवलेली असली तरच डोंगरावर पाळली जाते.

सासूबाईंना धीर देणारे शब्द सांगण्याऐवजी एक कागद द्या. त्यावर सातही जणांची नावे आणि दूरध्वनी, निघण्याची जागा, वाट, पोहोचण्याची अपेक्षित वेळ, आणि सकाळी नऊपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला फोन करायचा, हे ठळक अक्षरांत लिहा. त्यांची काळजी रास्त आहे, आणि या कागदामुळे ती तुमच्या सुरक्षिततेच्या कामी येते. तुम्ही मात्र पोहोचल्याबरोबर, चहा घेण्याआधी, त्यांना कळवायचे.

परतीच्या प्रवासाचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. रात्रभर जागून आठ तास चाललेल्या माणसाने घाटातून गाडी चालवत हडपसरपर्यंत येणे हे या साऱ्या बेतातले सर्वांत धोक्याचे काम ठरू शकते. रात्री झोप झालेला चालक सकाळी गाडी घेऊन घाटरस्त्यावर येईल अशी व्यवस्था आत्ताच करून ठेवा, आणि तो सोमवारचा दिवस नसेल असेही पाहा, म्हणजे कोणाला आंघोळ करून तडक कार्यालय गाठावे लागणार नाही.